कोठीतली शिंक

—ठिवा, ठिवा तो मोबाइल आत, मला न्हाई पाहायचा तुमचा पिच्चर! मी लगीन होऊन लोह्याला आले, त्याच साली आमच्या शिवारात शूटिंग झाली – लेकरांचा पिच्चर म्हने, विज्ञानाचा! कसलं विज्ञान? परग्रहावरचं यान म्हंजे काय, तर आमची ज्वारीची पत्र्याची कोठी – वरून चंदेरी रंग, अन् दोरी वढायला चार गडी! यान आभाळातून उतरतं अन् मागं आमची म्हैस निवांत रवंथ करून राहिली! असल्या पिच्चरला नव्यानं धुवून-पुसून काढायला तुम्ही पुण्याहून आले? दुसरी कामं न्हाईत व्हय?

हसू नका. त्या कोठीतून हिरवा पाहुणा निघतो, त्याला म्हने मानसाची भाषा येत न्हाई, नुसतं बीप-बीप – अन् मधीच दणकून शिंकतो, वर 'शिव शिव' म्हनतो! का? कोठी झाडलीच न्हवती, कोंडा गेला नाकात. डायरेक्टरला अक्कल असती तर काढलं असतं. ठिवलं तसंच! आख्खं थेटर तेवढ्यालाच हसलं – बाकी पिच्चरात हाय काय, माती?

काय? हिरवा पाहुणा आमच्या गावचे पुढारी रामलिंग अप्पा होते? त्यांनीच सांगितलं? अन् तुम्ही पडद्यावर त्यांचं नाव टाकून राहिले? वा! तवाबी एवढं पोट, कोठीत मावले असते का? आत आमचे हे होते. ती शिंक आमच्या घरची हाय – आमची लेक ऋतुजा अजून तशीच शिंकते, शेजारी दचकतात! मी काय पिच्चर पाहते व्हय? हे गेल्यापासून चहाच्या टायमाला माझ्या मोबाइलात तेवढी शिंक लावते, बस. बाकी कोन बघतंय.

नाव? सांगितलं की – ऋतुजाचे बाबा. तसं न्हाई चालत? मंग गावात विचारा... नगं, गाव अप्पांचं मिंधं हाय. साहेब, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. म्या न्हाई घेतलं तर... अप्पांचंच टाकनार ना तुम्ही?

लिहा. वैजनाथ.

काय पाहता तोंडाकडं? ऐकू आलं न्हाई? वैजनाथ! वैजनाथ. अन् शिंकेला हात लावायचा न्हाई. झालं ना लिहून? मंग उठा आता. पिच्चर भिकारच हाय – निघा, माझा चहाचा टाइम झाला.