पुट्टूचे तांदूळ

डोंबिवलीच्या गिरणीत निशिगंधा भाकरीच्या तांदळाचा डबा घेऊन नंबराला उभी होती. तिच्या पुढे हौसाबाई आणि त्यांची शेजारीण कमळाबाई.

“तांदूळ कसे काय? तुमच्याकडे तर ज्वारी लागते ना?” कमळाबाईंनी हौसाबाईंना विचारलं.

“सुनेसाठी पुट्टू करायचाय.”

“ते काय असतं?”

“केरळचं. तांदळाचा रवा नि खोबरं नळीत भरून वाफवायचं. बाई, त्यांचं सगळं खोबऱ्यात. आमटीला फोडणीसुद्धा खोबरेलाची.”

“मग करेल की तिची ती.”

“सातवा लागलाय तिला, सारखी आईच्या हातचं आठवते. मागच्या खेपेला मीच केला. पीठ भाकरीसारखं बारीक दळून नेलं, झाला नुसता चिखल.”

“काय म्हणाली?”

“छान झालाय म्हणत सगळा संपवला.”

“गुणाची आहे हो.”

“तिची पहिली भाकरी मीपण अशीच गिळलेली.”

गिरणीवाला म्हणाला, “मावशी, आत्ताच गहू दळलेत. तुमच्यात थोडं गव्हाचं पीठ येणार.”

हौसाबाई डबा मागे घेणार, तोच निशिगंधाने आपला पुढे सरकवला.

“आधी माझे टाका, भाऊ. गहू माझ्यात येऊ दे. मग यांचे, आणि जाडसर.”