वैशालीच्या मनगटावरची बोटं

बरोबर सव्वाचारला माझी छोटी लेक परी दिसेनाशी झाली. नरोलीच्या आमच्या चाळीत दारं उघडीच असतात. शेजारच्या वैशालीकडे धावले. ही नंदुरबारची पोरगी, धाग्याच्या कंपनीत कामाला आणि बॉक्सिंगवाली. ड्युटीवरून आली की डोळे मिटून हवेत ठोसे मारते.

बघते तर तिची मूठ परीच्या कपाळापाशी थांबलेली! परी दोन्ही हातांनी बिस्किटाचा पुडा धरून हसतेय.

परीला छातीशी ओढून मी म्हटलं, "वैशू, डोळे मिटून हात आवरलास. खरी योद्धा गं तू!"

ती म्हणाली, "नाही वहिनी, खोटा मान नको. मी पूर्ण जोर लावला होता. मागून कुणीतरी हात धरला."

"मागे भिंत आहे, वेडे."

तिनं मनगट दाखवलं. पाच बोटांचे लाल वळ, परीच्या बोटांएवढे.

मग वळ बघायला आलेली घरमालकीण बोलली, आधीच्या भाडेकरूंचं लेकरू त्याच खोलीत तापानं गेलं होतं.

वैशालीनं खोली सोडली नाही. आता भिंतीला नमस्कार करूनच सराव करते. योद्धा म्हणायचं ते हिला, मी अजून म्हणते.

ते भाडेकरू कुणाला भेटले, तर एवढं सांगा: तुमचं लेकरू इथंच आहे, आणि गुणाचं आहे.