अख्खा दाणा

न्हाय डॉक्टर, पुडा संपला, दाखवायला काय उरलं न्हाय — सकाळ-संध्याकाळ दिलं मी, तुम्ही सांगितलं तेवढंच, मूठभर. मग मैना अशी मान टाकून का बसली, हे मला विचारता? मी सातवी शिकलेली, मी काय सांगणार. व्यायल्याला वीस दिवस झाले, पेंडेला नीट तोंड लावत न्हाय, दूध तांब्याच्या वर जात न्हाय. आक्का म्हणतात, म्हशीतच खोट हाय, हिला औषध लागू होत न्हाय, सोमवारी दलालाला बोलावू. सासूबाई बोलल्या की झालं, आमच्या घरी परत विचारायचं नसतं.

तुम्ही पाट्याकडं काय बघताय? चटणीचा पाटा हाय तो — बरं, पांढरं हाय, तेलकट पण हाय. बसा ना, घमेलं उलटं करून देते. आक्का विहिरीवर गेल्यात. हळू बोला जरा.

मी वाटले ते तुमच्या औषधाचे दाणे. मग काय करणार? ही पेंड चाटायची न् दाणे तळाला ठेवायची, एकेक निवडून, आणि आक्का डोक्यावर उभ्या, औषध फुकट घालवते म्हणून. आमच्या उन्नतीला ताप आला तेव्हा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच म्हणाल्या, गोळी चुरून दुधात दे. लेकराची चुरायची मग म्हशीची का नको? बारीक वाटले, गरम आंबोणात कालवले, सगळं चाटून खाल्लं हिनं. मला वाटलं, जमलं. तुम्ही सांगितलं होतं, न्हाय म्हणत न्हाय मी — म्हशीला चार पोटं, पहिलं ते मोठं कोठीपोट, तिथं पडेल ते आंबतं, तिथले जंतू खाऊन टाकतात, म्हणून दाण्याला चरबीचं कवच, की तो तिथून तसाच अख्खा पुढं सरकावा. पण तेव्हा उन्नती कडेवर रडत होती, आक्का मधेमधे बोलत होत्या, मला चार पोटं तेवढी ऐकू आली. कवच मीच फोडलं. कोठीपोटानंच सगळं खाल्लं, मैनेला काय पोचलंच न्हाय. या घरात तसंच असतं — आईनं बाळंतपणाला डिंकाचे लाडू पाठवले, डबा माझ्या नावाचा, माझ्यापर्यंत मात्र — जाऊ द्या, ते कशाला.

आक्कांना सांग म्हणता? सांगितलं तर म्हैस राहील, पण माझ्या हातात राहील का? जाऊबाईंकडं देतील, अंबाडीच्या डेअरीवर दूध घेऊन त्याच जातील. न सांगितलं तर सोमवारी मैना टेम्पोत. अंबाडी दोन्हीकडनं गेलीच. तुम्ही म्हणाल, अंबाडीत असं काय ठेवलंय — काय न्हाय हो, डेअरीवर कमळाबाई असतात, त्या आपला फोन देतात, दहा मिनिटं. आईशी बोलते. फोन आमच्याकडं पण हाय, पण तो यांच्या खिशात, आणि हे भिवंडीत लूमवर, बारा तासांची ड्युटी. आल्यावर मागितला तर मग बघतात कुणाला लावला. चार वर्षं झाली दिघाशीत येऊन. हातात किटली असली की कुणी विचारत न्हाय कुठं चालली. रिकाम्या हातानं फाटकापर्यंत जाऊन बघा एकदा.

तुम्ही एवढंच म्हणा ना, पुडाच बिघडलेला होता. — न्हाय? बरं. तुमचं पण बरोबर हाय, उद्या दुसऱ्याच्या गोठ्यात कोण तुमचं औषध घेईल. पण नव्या पुड्यानं उठेल का ही? अख्खे दिले तर? थंड पेंडेत, मुठीमुठीनं, मी समोर बसून चारीन, एक दाणा खाली ठेवू द्यायची न्हाय —

हंडा वाजला. आल्या.

काय न्हाय आक्का, डॉक्टर हायेत. चहा? ठेवते. — आक्का, थांबा. दलालाला निरोप देऊ नका. मैनेत खोट न्हाय, औषधात पण न्हाय. ते दाणे मी पाट्यावर वाटले.

तुम्ही निघा आता, डॉक्टर. नवा पुडा तेवढा त्या खुंटीला अडकवून जा.