प्रेसच्या स्विचवरची टोपी

मी, वय २७ वर्षे, धंदा नोकरी, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात संगणक अभियंता, राहणार कारखान्यामागची कर्मचारी वसाहत, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

१. मंगळवारी दुपारी फिटर मोठ्या प्रेसच्या आत शिरून साचा बदलत होते.
२. ऑपरेटरने प्रेस सुरू केली.
३. फिटर जागीच मयत झाले.
४. ऑपरेटर हा त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. तेव्हापासून तो आपल्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत आहे.

कारखान्यात यंदाच ईआरपी प्रणाली बसवली. ती मी सांभाळते. पूर्वी भांडार, खरेदी, उत्पादन, दुरुस्ती, पगार यांच्या नोंदी वेगवेगळ्या असत. आता सगळ्यांची नोंद एकच. एका विभागाने ती बदलली की त्याच क्षणी सर्वांना बदललेली दिसते. दुरुस्तीचे काम उघडे असेल तर प्रेस स्क्रीनवर लाल दिसते. काम बंद केले की हिरवी.

त्याआधी फिटर मेन स्विच पाडून त्यावर आपली टोपी अडकवत. टोपी असेपर्यंत स्विचला कोणी हात लावत नसे. मॅनेजरसाहेबांनी प्रशिक्षणात ही पद्धत बंद केली. यापुढे फक्त स्क्रीन बघायची, असे सांगितले. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "दाजी, आता टोपी डोक्यावरच ठेवा. टक्कल तरी झाकेल." सगळे हसले. मीही हसले.

मंगळवार हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. दुरुस्तीची कामे उघडी असल्यामुळे प्रणाली महिन्याचा हिशेब बंद करू देत नव्हती. मुख्य कार्यालयातून साहेबांना सारखे फोन येत होते. त्यांनी दुरुस्ती विभागाच्या कारकुनाला सर्व कामे एकदम बंद करायला सांगितले. मी शेजारच्या टेबलावर होते. यात चालू कामेही आहेत, असे मी म्हटले.

साहेब म्हणाले, "असू दे. कॉम्प्युटरमधलं कॉम्प्युटरमध्ये संपव, मशीनवरचं मशीनवर संपेल."

कारकुनाने माझ्याकडे बघितले. मी माझ्या स्क्रीनकडे बघितले. त्याने बटण दाबले.

ऑपरेटर जेवून आला तेव्हा प्रेस स्क्रीनवर हिरवी होती. स्विचजवळून आतला माणूस दिसत नाही.

ऑपरेटरने परवानगीशिवाय प्रेस चालवली, असे कंपनीच्या पत्रात आहे. ते खरे नाही. परवानगी होती. ती कशी मिळाली ते वर सांगितले आहे.

टोपी कुठे होती, असे आपण विचारले. डोक्यावर होती.

मयताची बायको बाहेर बाकावर बसली आहे. तिने भावासाठी डबा आणला आहे. तो अजून कोणी आत नेलेला नाही.

मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे. 'मीही हसले' हे गाळू का, असे हवालदारांनी विचारले. गाळू नये.

ऑपरेटरला शुक्रवारी पुन्हा कोर्टात हजर करणार आहेत. हा जबाब त्याच्या कागदपत्रांना जोडला की नाही, ते मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती.