आधी आधार

शिवाजीराव : कान लाव इथे. आता बोटाने वाजव. काय ऐकलंस?

शाल्मली : भिंत.

शिवाजीराव : डबा ऐकलास. दोन बोर्ड आणि मधे हवा. जरा डावीकडे वाजव.

शाल्मली : इथे ठक्क वाजतंय, बाबा.

शिवाजीराव : तिथे आत उभी पट्टी आहे. अशा दोन पट्ट्यांमधे आडवी फळी बसवायची. तो आधार. मग धरायची दांडी त्या फळीत कसायची. आधी आधार, मग दांडी. नुसत्या बोर्डात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून काही टिकत नाही.

शाल्मली : माझा टॉवेलचा रॉड महिनाभर टिकलाय.

शिवाजीराव : टॉवेल कितीही भिजला तरी ऐंशी किलोचा होत नाही. मी आहे.

शाल्मली : म्हणूनच त्याला हात लावू नका. हाक मारा. मी आहे ना.

शिवाजीराव : तेच तर. या गुडघ्यापायी बाप आंघोळीला आणि लेक दाराबाहेर उभी. दांडी लागली की तू मोकळी. पुण्याचं कॉलेज किती दिवस तुझी जागा ठेवणार?

शाल्मली : बघू.

शिवाजीराव : बघू काय? देवेंद्र का नाही आला? सोमवारी येणार होता.

शाल्मली : टहरौलीला गेलाय, गावी. काही कागद आणायचा होता म्हणे.

शिवाजीराव : कमाल मिस्त्री आहे. त्याच्या पणज्याची मराठी, इथे उत्तरेत राहून याच्यापर्यंत अर्धीच पोचली. तरी मी मुद्दाम मराठीत बोलतो, तेवढीच टिकेल. इथे मी फळी कापून, पेन्सिलीने खुणा करून बसलोय.

शाल्मली : येईल. चहा करू?

शिवाजीराव : कर. तोवर तोंड धुतो. आलं किसून घाल, ठेचू नकोस. ठेचलेलं कडू लागतं.

(तिसऱ्या दिवशी सकाळी, त्याच घराच्या दारात.)

देवेंद्र : दीदी, आणला. आधार. ओरिजिनल आहे, अम्माच्या बक्स्यात होता.

शाल्मली : देवेंद्र भैया...

देवेंद्र : पहिले बाबूजींना दाखवतो. त्यांनीच बोलला होता, आधी आधार, मग दांडी. छावनीचा घर आहे, फौजवाले कागद तर मागतीलच.

शाल्मली : बाबा नाहीत.

देवेंद्र : बाजार गेले? मग गुडघा ठीक झाला.

शाल्मली : परवा संध्याकाळी बाथरूममध्ये पडले. डोकं नळावर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत गेले.

देवेंद्र : कोण गेले?

शाल्मली : बाबा.

देवेंद्र : नाही दीदी. मी तर आधार आणला.

शाल्मली : बसा तुम्ही. पाणी देते.

देवेंद्र : पाणी नको. कसे पडले?

शाल्मली : टॉवेलचा रॉड त्यांच्या हातात होता. गिट्ट्यांसकट. मी लावलेला.

देवेंद्र : पण बाबूजींना तर माहीत होता, भिंत आतून पोली आहे. तुम्हाला आवाज द्यायचा ना.

शाल्मली : दिलाही असेल. मी आलं ठेचत होते.

देवेंद्र : हा लकडीचा तुकडा कोणी कापला? एकदम बरोबर कापलाय.

शाल्मली : त्यांनी. याला ते आधार म्हणत होते.

देवेंद्र : याला?

शाल्मली : हो. फळीला.

देवेंद्र : दीदी, मी तुम्हाला फोन केला होता. विचारलं, बाबूजी आधार बोलतात, झेरॉक्स चालेल का. तुम्ही बोलल्या, ओरिजिनल लागेल, गावी जाऊन घेऊन या.

शाल्मली : बोलले.

देवेंद्र : म्हणजे तुम्हाला पण नाही समजला.

शाल्मली : समजलं होतं. फोन ठेवून हसलेसुद्धा.

देवेंद्र : मग सांगायचं ना. मी तर सोमवारीच लावून दिली असती. एका घंट्याचा काम.

शाल्मली : माहीत आहे.

देवेंद्र : मला काही समजत नाही, दीदी. आता मी काय करू? त्यांच्या खुणा आहेत भिंतीवर. पुसू?

शाल्मली : राहू दे. पुसू नका.

देवेंद्र : तिकडे भिंतीकडे काय बघता, दीदी?

शाल्मली : बाबा, भैयाला गावी मीच पाठवलं. दांडी लागली असती, तर तुम्ही मला पुण्याला पाठवलं असतं. मला जायचं नव्हतं.