थर्मासातला चहा

गोळ्या नकोच म्हणते ना दादा, गोळी चहात नीट विरघळत नाही, तळाशी गाळ राहतो — हेच सिरप द्या, ही बघा रिकामी बाटली. कुणासाठी म्हणजे? आमच्या ह्यांच्यासाठी! औषध म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात. 'सर्दी औषधानं सात दिवसांत जाते, नाहीतर आठवड्यात' — एवढं एकच पाठ! इकडे नाक गळतंय, अंग तापलंय, आणि रजेची सोय नाही — मालकानं बजावलंय, आता एक खाडा झाला की दुसरा माणूस बघतो. मग काय करू? ओतते आपली थर्मासात. आलं घालते भरपूर, आणि चोंदलेल्या नाकाला वास कुठला यायला! गुण? येतोय की! काल जेवता जेवता ताटावरच पेंगले. म्हटलं, लागू पडलं — म्हणून आज उरलेलं सगळंच ओतलं.

का हो? बाटली अशी का फिरवताय? चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा. झोप येते? मग बरंच की, आजारी माणसाला — काम? ड्रायव्हर आहेत. शाळेच्या बसवर.

असं बघू नका हो माझ्याकडे. शाळा सुटायची वेळ झालीच की — फाटकाशी बस लावली की पहिला चहा घेतात, मग मुलं चढतात — फोन? गाडी चालवताना उचलत नाहीत, नियमाचे पक्के. तरी लावा, तुम्हीच लावा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. पहिलाच नंबर. उचला हो... उचला ना —

हॅलो! कोण, बसमधल्या मावशी? हे कुठायत? फाटकातच? मुलं चढली नाहीत ना? हुश्श! जीव भांड्यात पडला बाई — काय? जीभ जड झालीय? हो दादा, ऐकलं, डॉक्टरकडे नेतेच — मावशी, त्यांना आधी दवाखान्यात हलवा, मी आलेच — काय म्हणालात? पिऊन आलेत? हे? कोण म्हणतं? मालक तिथंच उभे आहेत? अहो, ज्या माणसानं जन्मात साधी सर्दीची गोळी — नाही, थांबा. मालकांना फोन द्या. द्या म्हणते ना!

दादा, ती बाटली इकडे द्या. आणि तुम्ही जरा आत जा. मला हे एकटीनं सांगायचंय — जा ना हो आत.