साहेबांनी लावलेला डी

—नाही नाही, बसा. हिल्डा टीचर चर्चमध्ये मिस्साला गेल्यात, दहापर्यंत येतील. तोपर्यंत ही ओटी आपलीच. त्या बाकावर नको, त्याचा एक पाय हलतो, इकडे या. स्पोकन इंग्लिशलाच आलात ना? मग बरोबर ठिकाणी आलात. आमच्या निर्मळला केळी, फुलं आणि इंग्रजी तिन्ही ताजी मिळतात. म्हणजे मी इथला नाही, नालासोपाऱ्याचा, पण सप्टेंबरपासून दर रविवारी सायकल मारत येतोय, त्यामुळे आता आमचं म्हणायला हरकत नाही. वही आणलीत? दोनशे पानी? वा. मीही दोनशे पानीच आणली होती. जानेवारी आला, सव्वीस पानं भरलीत, त्यातली बारा नुसती वेन्टची. तुम्ही कशासाठी शिकताय? — अच्छा, मुलाच्या ॲडमिशनला आईबापाचा इंटरव्ह्यू. बघा म्हणजे, पोरानं अ आ काढायच्या आधी बापानं पास व्हायचं. छान आहे. मी? मी प्रमोशनसाठी. घरी तसं सांगितलंय, टीचरना तसं सांगितलंय, आता तुम्हालाही सांगितलं.

इथे आल्या आल्या काय शिकवतात विचारता? भूतकाळ. साधा भूतकाळ. टीचर म्हणतात, मिस्टर विलास, झालेली गोष्ट झाली म्हणून सांगता आली की अर्धं इंग्रजी आलं. ऐकायला सोपं वाटतं ना? आपल्याकडे कसं — गेला, गेली, गेले — कोण गेलं ते तरी कळतं. त्यांच्याकडे वेन्ट. बाई गेली वेन्ट, बुवा गेला वेन्ट, म्हशी गेल्या तरी वेन्ट. आणि गो-चं वेन्ट झालं कसं? विचारलं मी. तर म्हणाल्या, पाठ करा. बरं, काही शब्दांना नुसता मागून डी लावायचा, वॉक वॉक्ड, क्लोज क्लोज्ड. आणि काहींना काहीच नाही. कट, पुट, शट. आज पण शट, काल पण शट. टीचरनी फळ्यावर शट लिहिलं तेव्हा मला हसूच आलं. हा शब्द मला ऑगस्टमध्ये आठवला असता तर — जाऊ दे. मग येतो तो डिड. डिड आला की पुढच्या क्रियापदानं डी काढून ठेवायचा. डिड यू क्लोज. क्लोज्ड नाही. सगळा भूतकाळ त्या एकट्या डिडनं अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी मोकळं व्हायचं. आमच्या कंपनीत हे व्याकरण पहिल्यापासून आहे.

क्लोजच का? उदाहरण म्हणून हो. तोंडात बसलंय. म्हणजे काय झालं — मी कामणला गोदामात सुपरवायझर आहे. शाळेच्या वह्यांचं गोदाम. पुढे मोठं गेट आणि मागे एक शटर, त्याला बाहेरून कुलूप. चाव्या दोन, एक माझ्या ड्रॉवरमध्ये, एक वॉचमनकडे. संध्याकाळी सहाला मागचं शटर सुपरवायझरनं ओढून कुलूप लावायचं, मग वॉचमनची ड्युटी सुरू, तो पुढच्या गेटवर. नियम आहे, भिंतीवर लावलाय, इंग्रजीत — म्हणजे कुणी वाचायला नको. वॉचमन शत्रुघ्न, तिथलाच, खाडीकडच्या गावातला. शेती थोडी, आई धोंडूबाई आणि तो. बारा वर्षं होता. मला विलाससाहेब म्हणायचा. साहेब कसला मी, पण तो म्हणायचा आणि मी ऐकून घ्यायचो.

तर दोन हजार सालचा जुलै, पंधरा तारीख, शनिवार. रात्रभर पाऊस झाला. रविवारी शत्रुघ्नानं मागे जाऊन पाहिलं तर शटर सताड उघडं आणि आत घोटाभर पाणी. वह्यांचे गठ्ठे खालून असे फुगलेले, पुरणपोळीसारखे. मला बोलवायला सायकलवरून नालासोपाऱ्यापर्यंत आला बिचारा. मी दार उघडलं तर म्हणतो, ‘साहेब, शटर तर तुमी बंद केलेला ना? मंग पानी कसा आला?’ मी म्हटलं, बघू.

बघायला मुंबईहून साहेब आले. ऑगस्टमध्ये. मद्रासकडचे होते, मराठी येत नव्हतं, हिंदी आमच्या टीचरसारखी, मोडकीतोडकी. म्हणाले, गिव्ह इन रायटिंग. मी लिहून दिलं. अजून पाठ आहे — ‘एव्हरी डे आय क्लोज बॅक शटर ॲट सिक्स पीएम अँड लॉक इट.’ रोज मी सहाला मागचं शटर बंद करतो आणि कुलूप लावतो. काही चुकलंय का त्यात? साधा वर्तमानकाळ, रोजच्या सवयीला वापरतात, टीचरनी नंतर तेच शिकवलं. एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी वाचलं, जरा हसले, आणि खिशातलं पेन काढून एव्हरी डे खोडलं, वर लिहिलं ऑन फिफ्टीन्थ जुलै. मग क्लोजला डी लावला. मग लॉकला ई आणि डी. पोराचा गृहपाठ तपासावा तसं. म्हणाले, तुमचं टेन्स कच्चं आहे, मिस्टर विलास, साइन हिअर. आता मोठा माणूस आपलं व्याकरण सुधारतोय, त्याला नको कसं म्हणायचं? केली सही. डीच्या बाजूलाही छोटी सही केली, त्यांनी दाखवलं तिथं.

पुढे सोपं आहे. सुपरवायझरनं कुलूप लावलं होतं, असं लेखी आलं. दुसरी चावी वॉचमनकडे. म्हणजे शटर उघडलं वॉचमननं. म्हणजे माल काढायचा बेत असणार, पावसानं फसला असणार. शत्रुघ्नाला काढला. बारा वर्षांवर चोर म्हणून शिक्का मारून काढला. आता एक डी लावल्यानं एवढं सगळं होतं, हे पाचवीपासून इंग्रजी शिकवतात त्यात कुठे सांगतात?

काय म्हणालात? — मला येत नव्हतं म्हणून झालं, बरोबर. सगळे तेच म्हणतात. युनियननं अर्ज केला, पुन्हा चौकशी लावा, कर्मचारी विलास यांचं इंग्रजी कच्चं असल्यानं घोटाळा झाला असावा. छापील अर्जात माझं इंग्रजी कच्चं. मग सप्टेंबरात पत्र आलं, डिसेंबरात तोंडी जबाब होईल. तेव्हा म्हटलं शिकून घेऊ नीट. यस आय डिड, नो आय डिडन्ट, एवढंच तर यायला हवं होतं. त्याला दोनशे पानं कशाला.

अहो, क्लोजला डी लागतो हे कुणाला येत नाही? मला येत होतं. मी आधी क्लोज्डच लिहिलं होतं. लिहिलं, आणि हात थांबला. मग कागद फाडून दुसरा घेतला आणि एव्हरी डे लिहिलं. — असे बघू नका. त्या दिवशी शनिवार होता. सहानंतरच्या बसला चिंचोटीला धबधब्यावरून भिजून आलेली पोरं चढतात, अंगावर पाणी गाळत वसईपर्यंत उभी असतात. मला पाच चाळीसची हवी होती. कुणी आजारी नव्हतं, घरी कुणी वाट बघत नव्हतं, काही नव्हतं. खिडकीची जागा हवी होती आणि ती मिळाली. नायगावपर्यंत आलो तेव्हा आठवलं की मागे शटर उघडं आहे. म्हटलं, शत्रुघ्न बघेल.

चौकशी? झाली ना, डिसेंबरात. तेच साहेब. युनियनवाला यायचा होता तो आलाच नाही. समोर शत्रुघ्न, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, आणि टाइप करणारी एक बाई. साहेबांनी विचारलं, डिड यू क्लोज द शटर? मी काय काय ठरवून गेलो होतो. आदल्या रविवारी इथे टीचरपुढे वीस वेळा नो आय डिडन्ट म्हणून दाखवलं होतं, त्या म्हणाल्या, तुमचं नो फार छान येतं. आणि तिथे तोंडातून आलं, यस सर, आय डिड. एकही चूक नाही. साहेब खूष. म्हणाले, गुड, यू हॅव इम्प्रूव्ह्ड. मग शत्रुघ्न माझ्याकडे वळला, मराठीत विचारतो, ‘काय बोललाव, साहेब?’ दुसरं कुणी सांगणारं नव्हतं तिथं. मी म्हटलं — मी म्हटलं, रोज बंद करतो, असं सांगितलं. तर तो साहेबांकडे बघून मान हलवायला लागला. ‘खरा हाय,’ म्हणाला, ‘रोज करतान. बारा वर्सां बगतंय.’ साहेबांनी मला विचारलं, व्हॉट डज ही से? मी म्हटलं, ही ॲग्रीज, सर. त्या बाईनं टाइप केलं. टकटक टकटक, अर्ध्या मिनिटात.

आता तो भाजीच्या टेम्पोवर हमाली करतो. परवा वसई स्टेशनजवळ दिसला. मला बघून हात केला, म्हणाला, साहेबाला तुमी खरा सांगितलाव, आपलाच नशीब. माझ्या मुलीची, तेजस्वीची बारावी आहे हो यंदा, फ्लॅटच्या कर्जाला चार वर्षं झाली नाहीत, नोकरी गेली तर मी काय — तुम्हाला कशाला सांगतोय. तुम्ही वर्तमानकाळापासून सुरू करा. टीचरना सांगा, मला आधी भूतकाळ नको.

हा कागद? काही नाही, हेड ऑफिसला लिहिलंय. वाचता येईल तुम्हाला, सोपं आहे. ऑन फिफ्टीन्थ जुलै आय डिड नॉट क्लोज द बॅक शटर. आय लेफ्ट ॲट फाइव्ह फॉर्टी. शत्रुघ्न डिड नॉट ओपन इट. तीनच ओळी. टीचरना दाखवून मग टाकू म्हटलं पेटीत. तीन रविवार आणतोय. पण त्या काय बघणार, चुका बघणार, आणि चूक तर एकही नाही. मग दाखवायचं काय? — नाही, पोस्टाची पेटी कुठे आहे ते माहीत आहे मला. देवळाजवळ. येताना तिच्यावरूनच येतो.

आल्या बघा टीचर, फाटकाशी. उठा, तुम्ही जा आत. नवीन माणसाला त्या आधी घेतात. — नाही, मला घाई नाही. द्या तो कागद इकडे. जा ना तुम्ही.